टिंबांची झाडलोट

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वेबसाइट लोकांसाठी खुली झाली आणि नऊ वाजून सोळा मिनिटांनी पहिला फोन आला. छोटीने तो अशी झडप घालून उचलला, की कपातला चहा बशीत गेला आणि बशीतला आईच्या पेपरवर.

"आत्ताच वेबसाइट बघितली तुमची," पलीकडून एक दमलेला पुरुषी आवाज आला. "सगळं संपलं, की शिल्लक आहे अजून?"

"भरपूर शिल्लक आहे. आजच तर सुरुवात आहे."

"बरं झालं. मला एकट्यापुरतं हवंय. लहानसंच."

"लहान आहे की. दोन हातांत मावेल एवढंसुद्धा आहे."

"इतकं लहान नको. मध्यम बघा. तोंड कुठल्या बाजूला आहे?"

"वरच्या बाजूला," छोटी म्हणाली. माणूस नवखा दिसतो, असे तिला वाटले.

"वरच्या. म्हणजे उजेड चांगला असेल. आणि पाण्याचं काय?"

"पाणी दिवसभर गार."

"दिवसभर," तो माणूस भारावून म्हणाला. "आत्ता आहे तिथं सकाळी अर्धा तास येतं. गळतबिळत नाही ना?"

"गळालं तर दुसरं देतो आम्ही."

"दुसरं देता?" आवाज चक्क कापरा झाला. "बाई, चार महिने वणवण फिरतोय, पण असं कोणी बोललं नव्हतं. मी बदलीवर आलेला कारकून माणूस. एकटाच आहे, चालेल ना?"

"आम्ही असलं काही विचारत नाही हो. अकरा वाजता या, एकेक वाजवून बघा आणि मग ठरवा."

फोन ठेवून छोटी आईकडे वळली. "माणूस रडायच्या बेतात होता गं. मातीच्या भांड्यासाठी."

"असतात एकेक वेडे," आई पेपर निथळवत म्हणाली. "आपल्याकडे आहे की एक."

हे आपल्याकडचे वेड एकतीस वर्षांचे होते. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून छोटी, ती अजून छोटीच राहिली होती. आठवड्याचे पाच दिवस ती एका विमा कंपनीच्या वेबसाइटसाठी बटणांची चित्रे काढत असे. 'पुढे जा' हे बटण तिने एका वर्षात सतरा वेळा काढले होते आणि स्वतः एक पाऊलही पुढे गेली नव्हती. तिचा खरा जीव दोन गोष्टींत होता: अक्षरे आणि माती. रस्त्याने जाताना ती दुकानांच्या पाट्या वाचत नसे, बघत असे. 'ळ'ची गाठ कोणी कशी मारली आहे, 'श'चा गळा कोणी कसा वळवला आहे, हे बघण्याच्या नादात ती दोनदा सायकलींवर आपटली होती. आणि दर रविवारी ती चार गल्ल्या पलीकडच्या एका कार्यशाळेत मातीची भांडी करायला शिकत होती.

त्या कार्यशाळेचे नाव 'भांड्यांचे घर'. चालवणाऱ्या बाईंना सगळे नुसते बाई म्हणत. त्यांचे सासरे म्हणजे आबा. वय चौऱ्याऐंशी. आता चाकावर बसणे त्यांना जमत नसे, पण प्रत्येक भांड्यावर एक शब्द कोरायचे काम अजून त्यांच्याकडेच होते. ओल्या मातीवर ते सुईने अक्षर काढत आणि ते अक्षर असे उतरे, की छोटीला पहिल्या रविवारी भांडे करायचे सोडून तोंड उघडे ठेवून उभे राहावेसे वाटले. उभी राहिलीही.

या अक्षरांचा फॉन्ट करायचा, असे तिने दोन वर्षांपूर्वी ठरवले. फॉन्ट म्हणजे अक्षरांची पेटीच. एकदा प्रत्येक अक्षर नीट काढून पेटीत ठेवले, की कळ दाबताच कॉम्प्युटर हवे ते अक्षर काढून समोर मांडतो. आबांनी तिच्यासाठी मातीच्या पाट्यांवर सगळी अक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे आणि चिन्हे कोरून दिली. तिने त्यांचे फोटो काढले आणि चारशेच्या वर आकार एकेक करून कॉम्प्युटरवर गिरवले.

मात्र आबांची एक अट होती. "मी पडद्यावर बघेन. पटलं तर ठेव. नाही पटलं तर पुसून टाकायचं. वाद घालायचा नाही."

"शब्द देते," छोटी म्हणाली होती. आज अकरा वाजता नवी भट्टी उघडायची होती, गिऱ्हाइके यायची होती आणि सगळ्यांसमोर टीव्हीच्या पडद्यावर आबा आपली अक्षरे बघणार होते. दोन वर्षांची मेहनत राहणार की पुसली जाणार, ते आज ठरायचे होते. वेबसाइटवर तिने एकही फोटो घातला नव्हता. बघणाऱ्याचे लक्ष अक्षरांवरून हलू नये म्हणून. आणि बाईंचे हात सदा चिखलात, म्हणून फोन नंबर स्वतःचा दिला होता.

दुसरा फोन नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी आला. नवराबायको होती, वर दोन मुले. "मोठ्या कुटुंबासाठी आहे ना?" म्हणून त्यांनी विचारले. छोटीने आनंदाने सांगितले, की मोठ्या कुटुंबासाठी इतके मोठे आहे, की उचलायला दोघे लागतात. ते हसले. तीही हसली. तिसरा फोन एका विद्यार्थिनीचा होता, तिला तीन मैत्रिणींत मिळून एक हवे होते. चौथ्याने विचारले, "प्राणी चालतात का?" छोटी म्हणाली, "चालतात, पण जपून, फुटलं तर तुमची जबाबदारी."

"आई, लोक वेडे झालेत," ती खोलीभर फेऱ्या मारत म्हणाली. "अक्षरांची जादू आहे ही. नुसती अक्षरं वाचून माणसं धावत सुटलीत."

पाचवा फोन एका म्हाताऱ्या बाईंचा होता आणि त्या फार रागात होत्या.

"तुमच्या त्या आबानं माणसं भट्टीत घातली, हे खरं का?"

"काय?"

"तुम्हीच छापलंय. 'भट्टीत घातली माणसे.' आणि खाली लिहिता, चिता नको. म्हणजे सगळं भट्टीतच उरकता की काय?"

फोन बंद झाला. छोटीने घाईघाईने आपल्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडली. तिथे स्वच्छ लिहिलेले होते:

"आबांनी पहिली भांडी भट्टीत घातली. माणसे बघायला जमली. आज त्यांच्या सूनबाई हे घर सांभाळतात. एकट्यासाठी, जोडप्यासाठी, मोठ्या कुटुंबासाठी. तडकण्याची चिंता नको."

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "त्या आजींचा चष्मा बदलायला झालाय."

"माझा तर मागच्याच महिन्यात बदललाय," आई आपला मोबाइल डोळ्यांसमोर धरत म्हणाली. "छोटे, एक विचारू? आबांना तू अरे-तुरे कशाला केलंस?"

"मी? आबांना?"

"हे बघ ना. 'आबानी.' आणि पुढे 'त्याच्या सूनबाई'. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, तुझ्या शेजारी बसून गोट्या खेळल्यासारखं लिहिलंयस. आणि त्यांचं घर भाड्याचं आहे, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत सांगायची काय गरज होती? असतं एखाद्याचं."

छोटीने मोबाइल हिसकावून घेतला. पानाच्या वर, आबांच्या सुरेख वळणात, अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिलेले होते: 'भाड्याचे घर'. आणि खाली:

"आबानी पहिली भाडी भट्टीत घातली माणसे बघायला जमली आज त्याच्या सूनबाई हे घर साभाळतात एकट्यासाठी, जोडप्यासाठी, मोठ्या कुटुबासाठी तडकण्याची चिता नको"

एकही टिंब नव्हते. अक्षरांवरचे अनुस्वार गेले होते, वाक्यांपुढचे पूर्णविराम गेले होते. स्वल्पविराम तेवढे शेपटीच्या जोरावर वाचले होते.

छोटीला काल संध्याकाळ आठवली. मातीच्या पाटीवर बारीक खड्डे असतात, खडे असतात. फोटोंबरोबर ते सगळे ठिपके फॉन्टमध्ये आले होते आणि त्यांच्या ओझ्याने फॉन्ट इतका जड झाला होता, की पान उघडायला पाच पाच मिनिटे लागत. काल तिने एक बटण दाबले होते: 'बारीक ठिपके काढा'. दोन सेकंदांत फॉन्ट पिसासारखा हलका झाला. ती आनंदाने टाळ्या वाजवत उठली होती. कॉम्प्युटरने बारीक ठिपके काढले होते, अगदी प्रामाणिकपणे. आता खड्डा कुठला आणि अनुस्वार कुठला, हे त्याला कोणी शिकवले होते? आबांनी जीव ओतून दिलेले टिंब त्याने केरात काढले होते.

आणि तिला स्वतःला हे दिसले नाही, कारण तिच्या कॉम्प्युटरवर मागच्या महिन्याचा जुना फॉन्ट आधीच बसवलेला होता. घरात असताना बाहेरून कशाला मागवायचा, म्हणून कॉम्प्युटर तिला तोच दाखवत होता. साऱ्या गावाला बिनटिंबाचे आणि तिला एकटीला टिंबासकट.

"एवढंसं टिंब," आई म्हणाली, "आणि बघ, त्याच्याबरोबर आदर गेला, मालकी गेली, माणसं भट्टीत गेली."

"आई, ती माणसं," छोटी ओरडली. "मी त्यांना अकराला बोलावलंय."

ती कॉम्प्युटर काखोटीला मारून चार गल्ल्या पळाली, तेव्हा पावणेअकरा झाले होते. कार्यशाळेच्या अंगणात चौदा माणसे होती. एका जोडप्याने मोजपट्टी आणली होती. तीन विद्यार्थिनी भांडी ठेवायच्या फळ्यांकडे बघून, कोण वरच्या फळीवर झोपणार, यावर वाद घालत होत्या. एक कुत्रा होता. आणि एक बारीक, टापटीप गृहस्थ खांद्यावर गुंडाळलेली गादी घेऊन भिंतीवर टकटक करत उभे होते.

बाई धावत आल्या. कोपरापर्यंत चिखल होता.

"अगं, ही कसली गिऱ्हाइकं? एकही जण भांड्याला हात लावत नाही. खोली दाखवा म्हणाले. मला वाटलं, भट्टीची खोली बघायची असेल. दाखवली, तर ते गादीवाले म्हणतात, उन्हाळ्यात फार उकडेल."

"बाई, आबा कुठे आहेत?"

"आत. ते गादीवाले त्यांच्याशीच बोलत होते मघापासून. मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं त्यांनी."

छोटी आत गेली. आबा आपल्या बुटक्या स्टुलावर बसले होते. समोर ओल्या मातीची पाटी होती, हातातली सुई तशीच खाली ठेवलेली.

"ये," ते म्हणाले. "आबानी म्हणे घर भाड्यानं घेतलं."

"आबा, मी तसं लिहिलं नव्हतं."

"आणि माणसं जाळली."

"आबा, टिंबं गेली."

"कुठं गेली?"

खोटे बोलावे, असे तिला क्षणभर वाटले. पण समोर आबा होते. "मी झाडून टाकली," ती म्हणाली. "खड्डे काढायला गेले आणि टिंबंही गेली. धूळ समजून."

बाहेर मोजपट्टी सरसरत होती. आबांनी हात पुढे केला. "दाखव."

छोटीने त्यांच्यासमोर कॉम्प्युटर ठेवला आणि अक्षरे मोठी करून एकेक पुढे सरकवू लागली. आबा नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून बघत होते. 'क' बघितला, 'ळ' बघितला, 'ज्ञ' बघितला. 'ळ'पाशी परत आले.

"शेवटची ओढ सोडलीस तशीच?"

"तुमची आहे ती. मी कशी कापीन?"

"लोक कापतात." ते सरळ बसले. "माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी टिंब द्यायला शिकवतो. अक्षर कोणीही ओढतो. ओली माती असेल तर टिंब बुजतं. वाळली असेल तर तडा जातो. मधली वेळ धरावी लागते, सुई उभी ठेवावी लागते आणि हात हलता कामा नये. तुला शिकवायचं राहिलं, ही माझी चूक. पण शब्द शब्दच."

"हो," छोटी म्हणाली. "मी पुसते. फक्त एक विचारते, आबा. या पेटीत टिंब एकदाच असतं. एक ठेवलं, की तेच सगळीकडे जातं. जुन्या फॉन्टमधलं टिंब खड्ड्यांच्या गर्दीतलं, ओबडधोबड आहे; मला एक नवं टिंब द्या. बिनटिंबाची अक्षरं पुसायला मन होत नाही. पुरी करते आणि मग पुसते."

"एकच?" आबांनी विचारले. "सगळ्यांच्या आदराला एकच टिंब?"

"एकच."

"मग ते मी कशाला देऊ? केरात तू काढलंस, तूच दे." त्यांनी पाटी तिच्याकडे सरकवली आणि सुई हातात दिली. "सावकाश. अकरा वाजले तर वाजू देत."

पहिले टिंब बुजले. दुसरे तिरके आले, एखाद्याने डोळा मारावा तसे. तिसरे लांबट झाले, स्वल्पविरामासारखे. एव्हाना दारात गर्दी झाली होती. गादीवाले गृहस्थ गादी खाली ठेवून टाचा उंचावून उभे होते, विद्यार्थिनींनी फळ्यांचे भांडण थांबवले होते. आबांनी मातीला बोट लावून पाहिले.

"थांब." सगळे थांबले. कुत्राही थांबला. "आता."

चौथे टिंब बसले. गोल, खोल, कडेला माती जराशी उचललेली. आबांनी मान डोलावली. छोटीने फोटो काढला, तिथेच जमिनीवर बसून टिंब गिरवले, पेटीत ठेवले आणि फॉन्ट पुन्हा वेबसाइटवर चढवला. सव्वाअकरा वाजता बाईंनी हात पुसून टीव्ही लावला; वेबसाइट त्यावर सकाळपासूनच उघडून ठेवलेली होती.

पडद्यावर आधी 'भाड्याचे घर' आले. मग छोटीने पान ताजे केले. दोन टिंबे पाखरांसारखी येऊन आपापल्या जागी बसली आणि 'भांड्यांचे घर' झाले. लगोलग खालीही टिंबांचा सडा पडला. आबांना आदर मिळाला, माणसे भट्टीतून सुखरूप बाहेर आली आणि सगळी वाक्ये आपापल्या जागी थांबली.

"अरे देवा," गादीवाले गृहस्थ म्हणाले. "मग ते दिवसभर पाणी?"

"माठातलं," छोटी ओशाळून म्हणाली.

"आणि तोंड वरच्या बाजूला?" त्यांनी फळीवरच्या माठाकडे पाहिले. "हो, आहे खरं." सगळ्यांआधी त्यांनाच हसू फुटले आणि मग चौदाच्या चौदा माणसे अशी हसली, की वरच्या फळीवरच्या बरण्या किणकिणल्या. एवढे हसून झाल्यावर रिकाम्या हाताने जायला कोणालाच बरे वाटेना. भट्टी उघडली. जोडप्याने मोजपट्टीने मोजून एक मोठी बरणी घेतली. विद्यार्थिनींनी तिघींत मिळून एक घेतला, माठ. गादीवाल्यांनी वाजवून वाजवून, पूर्ण समाधान झाल्यावर, एकट्यापुरता कप निवडला.

"आता याला ठेवायला खोली शोधतो," ते म्हणाले.

आबा मात्र अजून पडद्यासमोरच होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचत होते. छोटी त्यांच्या मागे उभी होती. पुसायचे बटण कुठे आहे, ते तिला माहीत होते. बोट तिथपर्यंत कसे न्यायचे, तेवढे माहीत नव्हते.

"अक्षरं माझी," आबा अखेर म्हणाले, "आणि टिंब तुझं. म्हणजे आता हे माझं एकट्याचं राहिलं नाही. दुसऱ्याची वस्तू पुस म्हणायला मी कोण? राहू दे."

छोटीने त्यांचे मातीचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले. बाई डोळे पुसायला गेल्या आणि गालाला चिखल लावून बसल्या.

"फक्त एक," आबा म्हणाले. त्यांचे बोट पानाच्या अगदी तळाशी, आभाराच्या शेवटच्या ओळीवर थांबले होते. तिथे लिहिलेले होते, 'पहिल्या भट्टीसाठी आबांच्या मेहुण्यांनी विटा दिल्या.' "इथलं टिंब काढ."

"आबा, आत्ताच तर दिलं."

"आबांचं ठेव. मेहुण्याचं काढ. विटा कच्च्या दिल्या होत्या. दोन भट्ट्या ढासळल्या माझ्या. आजपर्यंत कबूल केलं नाही त्यानं."

"मामंजी," बाई म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली."

"म्हणून तर एकच टिंब काढतोय."

छोटीने मान खाली घातली आणि त्या एका शब्दातले एक टिंब पुसले.

गुरुवारी संध्याकाळी ती कार्यशाळेत आली असताना तिचा फोन वाजला. आवाज म्हातारा आणि भारदस्त होता.

"मी आबांचा मेहुणा बोलतोय. वेबसाइट पाहिली. अक्षरं फार सुंदर. पण शेवटच्या ओळीत 'मेहुण्यानी' झालंय. बाकी सगळ्यांची टिंबं आहेत, माझंच कसं गेलं?"

छोटीने आबांकडे पाहिले. आबा एका बरणीवर अक्षर कोरण्यात पार बुडालेले होते, फक्त सुई हलत नव्हती. दोन वर्षे ज्या फॉन्टसाठी तिने जीव टाकला, ज्याच्यावर कोणी ब्र काढलेला तिला खपला नसता, त्याच्याबद्दल ती आपल्या तोंडाने म्हणाली, "फॉन्टमध्येच दोष आहे हो, काका. नवीन आहे ना."

"असं होय? मग दुरुस्त कधी होईल?"

तिने फोनवर हात ठेवला. "आबा, दुरुस्त कधी होईल विचारतायत."

"त्याला म्हणावं," आबा वर न बघता म्हणाले, "विटांचं आधी बोल."

छोटीने फोन कानाला लावला. "तपास चालू आहे, काका," ती म्हणाली. "दोष फार जुना दिसतोय."